कोंसूचं फुग्यांचं मडकं

कोंसू, आधी भांडण मिटवू, मग बाकीचं बोलू.

चर्चचा मास्तर म्हणाला, "इनास, बायकोसाठी चार ओळी लिहून दे. तिच्या नावाच्या प्रार्थनेला, मिसाला, वाचतो. जन्म कधी, लग्न कधी, पोरं किती." मी म्हटलं, ते चर्चला ठाऊक आहे, चर्चनेच वाचावं. मला तिच्याशी बोलायचंय. तो बोलला, बोल बाबा, तुझी बायको आहे.

तर बोलतो. पाद्रीच्या शाळेत जेवढी अक्षरं गळ्याखाली उतरली तेवढ्यांत बोलतो. काना-मात्रा चुकला तर तू थोडीच धरणार आहेस. तुला अक्षर येत नव्हतं, आणि मला येतं म्हणून मी सगळ्या पाखाडीत, आपल्या वाडीत, छाती काढून फिरायचो. आता ती छाती कोणापुढे काढू?

नाताळ झाला. कसा झाला ते ऐक. मी अजून धापा टाकतोय.

तू भातकापणीत गेलीस. भात उभं होतं आणि तू आडवी झालीस. मी तेव्हाच ठरवलं, या वर्षी नाताळ नाही. दार लोटायचं, पहाटेच्या मिसाला जायचं, येऊन झोपायचं. आणि ठरवायचं तरी काय होतं? नियमच आहे. दुःखाच्या घरात वर्षभर कढई चढत नाही. शेजारी आणून देतील ते खायचं. हा नियम पाखाडीचा, पण तुझ्याइतका कडक कोणी पाळला नाही. माझी आय गेली त्या वर्षी मी तुला म्हटलं होतं, "अगे, चार फुगे तळ, आयला आवडायचे."

तू काय म्हणालीस आठवतं? "आय गेली तुमची, आणि चळली तुमची जीभ!"

कढई पालथी राहिली. पण मडकं नाही राहिलं उपाशी. तू त्यात पीठ भिजवलंस, फुगवलंस, आणि सगळं शेजारच्या ठकूबायच्या गाईला घातलंस. मी म्हटलं, तळायचं नाही तर भिजवतेस कशाला? तू म्हणालीस, "मडक्याला दुःख नसतं. मडक्याला भूक असते. एक नाताळ उपाशी राहिलं तर मुकं होईल."

आता ही वाचून दाखवायची गोष्ट, ऐकणाऱ्यांत कोणी घाटावरचा असला तर त्याला कळायला हवं. फुगे म्हणजे आमच्या नाताळचा जीव. गव्हाचं पीठ, नारळाचा रस, अंडी, थोडी साखर, चिमूट मीठ, आणि ताडी. सैल भिजवून रात्रभर ठेवायचं. सकाळी पीठ मडक्याच्या तोंडाशी येतं. मग मुठीत घ्यायचं, अंगठ्याजवळून पिळायचं, गोळा तेलात सोडायचा. तो बुडतो, वर येतो, आणि आपल्या आपण कुशीवर वळतो. पोकळ, हलका. बस, हेच. यात वाद कशाला असेल? पण आपला होता. मी म्हणायचो, पीठ ताडी फुगवते. तू म्हणायचीस, मडकं फुगवतं. तुझ्या आयचं मडकं, काळं, पोटाळू, आतून कधी न धुतलेलं. मागच्या नाताळाचं आंबट त्याच्या अंगात मुरलेलं, म्हणून ते फुगवतं असं तुझं म्हणणं. मी म्हणायचो, हे म्हणजे होडी वल्ह्याने नाही, होडीच्या रंगाने चालते म्हणण्यासारखं आहे. तू म्हणायचीस, तुम्ही मीठ पिकवा, पिठात नाक घालू नका.

आणि पहिला फुगा माझा. त्याला नेहमी शेपूट असायची, कारण पहिल्या गोळ्याला तुझा हात बसलेला नसायचा. तो कढत कढत तोंडात टाकून, जीभ भाजून घेऊन, मी म्हणायचो, "मीठ कमी."

तू झारा उगारून म्हणायचीस, "मिठागरवाल्याची जीभच खारट!"

तिथून नाताळ सुरू. चर्चची घंटा वाजायची ती मागाहून.

तर यंदा मी दार लोटून बसलो होतो. पाखाडीत चुन्याचा वास सुटला होता, घरं पांढरी होत होती, वाजवायच्या घुमटावर कातडं ताणून कोणी टकटक करत होतं. मी कान झाकले. पण ठकूबायसमोर कान झाकून चालतं का? आली अंगण ओलांडून. चुन्याची बादली हातात.

"भावजी, सगळ्या पाखाडीचे दात पांढरे, तुमचाच एक किडलेला. दारावं चुना नाय. हे घर हाय का मिठाचं गोदाम?"

मी म्हटलं, "ठकूबाय, दुःख आहे घरात."

"दुःख हाय तर आत हाय ना? भिंतीला कशाला?"

"तुला काय गं, तू आगरीण. तुझी दिवाळी झाली. माझ्या नाताळची तुला कसली घाई?"

"इतकी वरसं फुगं खाल्ले ते काय फुकट? तुमच्या वट्यावं बसून खाल्ले, पन खाल्ले." आणि कुंचा माझ्या हातात देऊन म्हणाली, "वरचं तुमी करा. माझा हात पोचत नाय."

हात पोचत नाही म्हणे! नारळाच्या झाडाला हात पोचेल अशी बाई. पण मी उठलो. एक भिंत केली. मग वाटलं, एक पांढरी आणि तीन काळ्या, घर कोड फुटल्यासारखं दिसतं. म्हणून चारी केल्या. आणि कोंसू, चुना वाळताना भिंत उजळत जाते ना, ते बघत मी तिथेच उभा राहिलो. ओल्यावर काहीच दिसत नाही. वाटतं, लावला का नाही? आणि मग हळूहळू घर तोंड धुऊन उठल्यासारखं होतं. मी नाताळचं गाणं गुणगुणायला लागलो. मला राग आला त्याचा. तू नाहीस आणि मी गुणगुणतोय!

पण हाताला काम लागलं की हात ऐकतात का? मी नाताळचा गोठा बांधायला घेतला. पेंढा याच वर्षीच्या भाताचा, ज्याच्या कापणीत तू गेलीस. तो हातात घेताना बरं नाही वाटलं. पण बाळ येशूला ताजाच पेंढा लागतो हेही तूच म्हणायचीस. माळ्यावरून मातीची चित्रं उतरवली. गाढवाचा कान पुन्हा गळला होता, मी मेणाने चिकटवला, उलटा बसला. आणि आपला सांजुझे, बाळ येशूचा बाप! ज्या कुंभाराला तू सांगितलंस की सांजुझे कर, दाढीवाला, धंद्याने सुतार, त्याने आपल्या ओळखीचाच सुतार केला होता, लाल पगडीवाला. तू केवढी चिडली होतीस. मग म्हणालीस, असू दे, थंडी आहे, पगडी बरी. मी एकटाच त्या पगडीकडे बघून हसलो. मोठ्याने. ठकूबाय पलीकडून ओरडली, "भावजी, कोन आयलं?" मी म्हटलं, "सांजुझे!"

त्याच हसण्याच्या भरात मी मडकं बघायला गेलो.

कढई चढणार नाही, पण मडक्याला भूक असते. भिजवीन, फुगवीन, ठकूबायच्या गाईला घालीन. तू केलंस तसंच. एवढंच मनात. चुलीमागच्या कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा. माळ्यावर नाही, परसात नाही. घरात मातीचं एकही जुनं भांडं नाही, कोंसू. पाण्याचा माठ नवा, कालवणाचं तवलं नवं. मला इतके दिवस दिसलंच नव्हतं.

मी ठकूबायच्या अंगणात गेलो. "माझ्या घरातली मडकी कुठे आहेत?"

तिचा चेहरा असा उतरला की मला उत्तर तिथेच मिळालं.

तुला मातीत ठेवून आम्ही आलो तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. ठकूबायने बायका गोळा केल्या, घर झाडलं, जमीन सारवली. आणि मातीची सगळी भांडी उचलून बाहेर नेली. त्यांच्यात मयताच्या घरात जुनी मडकी ठेवत नाहीत. तिच्या सासूने तिला तसं शिकवलं, तिने माझ्यासाठी तसं केलं. मी तिला नेताना बघितलं असणार. माझ्यासमोरूनच गेली असणार.

"मना वाटलं, तुमचं घर सुतकातनं सुटं करतंय," ती म्हणाली. "नवी मडकी मी माझ्या हातानं आनून भरली ओ भावजी."

"कुठे टाकलंस?"

"खाडीवं."

आम्ही दोघं धावलो. दोन म्हातारी माणसं, चुन्याचे हात, खाडीकडे धावताहेत. लोकांना वाटलं कोणी बुडालं. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांत ती गुडघाभर चिखलात शिरली, मी मागून. तळ नाही, पोट नाही. एवढ्या भरत्या येऊन गेल्या, काय राहणार? एक गळा सापडला. फक्त गळा, गोल, काळा. काठावरची ती टवकलेली जागा, जिथे तू झारा आपटायचीस, तीच. मी ओळखला.

ठकूबाय चिखलातच बसली. "कोंसूबायला मीनं दुसऱ्यांदा पोचवली."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "रडू नको. भरती लागलीय. पाय काढ चिखलातून, नाहीतर तुलाही पोचवावं लागेल."

तो गळा मी धुतला नाही. गोठ्यात ठेवला, विहीर म्हणून. बरा दिसतो. बैल तिच्याकडे तोंड करून उभा केलाय.

आता मला जिद्द आली. म्हटलं, मडकं गेलं ना? मग आज निकालच लागू दे. ताडी फुगवते का मडकं? नवं मडकं होतंच. भंडाऱ्याकडून सकाळची ताडी आणली. नारळ खवला, बोट सोलून घेतलं. तुझ्यासारखं मुठीने थापलं, वर फडकं बांधलं, चुलीच्या उबेला ठेवलं, आणि मध्येच उठून तुझी गोधडीही त्याला पांघरली. सकाळी फडकं काढलं.

पीठ बसलं होतं. तळाशी. जसं ठेवलं तसं. दारू पिऊन पडलेल्या माणसासारखं तोंडातून फक्त वास येत होता.

माझा हात वाईट असेल, थंडी असेल, अंडी लहान असतील. पण तुला खरं सांगू? ते बसलेलं पीठ बघून मी मांडीवर थाप मारली. "कोंसू, जिंकलीस!" असं ओरडलो. पलीकडे ठकूबायची गाय दचकली. आणि मग माझ्या लक्षात आलं, तू जिंकून उपयोग काय? मडकं खाडीत आहे. आता हे घर कायमचं मुकं. एका वर्षाचं दुःख नाही, कायमचं. पुढच्या नाताळला कढई चढेल, पण त्यात टाकायला काय असेल?

मी दार लावायला उठलो होतो. खरंच उठलो होतो. कडीला हात घातला आणि आपल्या पोरीचं, फिलूचं, लग्न आठवलं.

आठवतं तुला? पोरगी कल्याणला निघाली, आणि तू तिच्या ओटीत नारळाच्या करवंटीत काहीतरी झाकून दिलंस. मी बघितलं तर आंबट पिठाची एक मूठ! मी भर मांडवात म्हटलं, "अगे, लोक पोरीला सोनं देतात, तू पीठ देतेस? आणि तेही नासलेलं?" सगळे हसले. व्याही हसला. तू नाही हसलीस. तू म्हणालीस, "याला दोन घरं पाहिजेत. एक बुडालं तर दुसरं देईल."

मी म्हटलं होतं, "पीठ काय होडी आहे बुडायला?"

कोंसू, बुडालं की गं!

मी पायात वहाणा घातल्या आणि बंदरावर पळालो. आगगाडीने जाता आलं असतं, पण तिचं माझं जमत नाही, धुराने डोळे चोळत बसावं लागतं. गोमा तांडेल मिठाची होडी घेऊन भरतीबरोबर कल्याणला निघतच होता. माझ्याच आगरातलं मीठ. मी उडी मारून चढलो.

"इनास, या वयात उड्या?" तो म्हणाला. "काय पेटलंय?"

"पेटलेलं नाही, विझलंय. म्हणून चाललोय."

"काय विझलंय?"

"पीठ."

तो बिचारा सुकाणूकडे वळला. त्याला वाटलं, बायको गेल्यापासून म्हातारा जरा सरकला.

वाटेत एकच धास्ती. फिलूने ते पीठ जपलं असेल का? रेल्वेच्या चाळीत, कोळशाच्या धुरात, दोन पोरांच्या मागे धावताना कोण मूठभर पीठ जपतं? आणि आय गेल्यावर तिनेही कढई पालथी घातली असेल तर? होडी खाडीतून नदीत शिरली, पाण्यावर बगळे उठत होते, मी पुढच्या टोकाला जाऊन बसलो. तिथे बसल्याने होडी लवकर पोचते असं नाही. पण बसलो.

फिलूने दार उघडलं आणि पांढरी पडली. "बापा! आता कोण गेलं?"

"कोणी नाही. मडकं गेलं."

"कोणाचं?"

"तुझ्या आयचं. ठकूबायने खाडीत टाकलं. तिच्यावर रागावू नको, ती आधीच मेल्यासारखी झालीय. तुझ्याकडचं आहे का? ती मूठ आहे का?"

ती आत गेली. मी उंबऱ्यात उभा. आंतोन, आपला जावई, कामावर निघाला होता, इंजिनात कोळसा टाकायला. तो मला म्हणतो, "बसा ना." मी म्हटलं, "बसणारं एक पीठ घरी ठेवून आलोय, मी नाही बसत."

फिलू बाहेर आली ती मडकं घेऊन. लहानसंच. वर फडकं. तिने फडकं सोडलं.

कोंसू, तुझा वास आला. नाताळच्या आदल्या दिवशी तुझ्या पदराला येतो तो. आंबट, गोड, नारळाचा. पीठ काठापर्यंत आलेलं, वर बुडबुडे फुटत होते. जिवंत.

"काल भिजवलं," फिलू म्हणाली. "आय म्हणायची ना, उपाशी ठेवू नको. पण सकाळपासून नुसतं बघत बसलेय. दर वर्षी मी आंतोनकडून निरोप धाडायची, आय, एवढं फुगलं, पुरे का? ती उलटा निरोप धाडायची. आता कोणाला विचारू? मी हे टाकूनच देणार होते, बापा."

आणि ती रडायला लागली. मला रडता येत नाही तुला माहीत आहे, मी नाक शिंकरतो. मी नाक शिंकरलं आणि म्हटलं, "पोरांना घाल अंगरखे. ठाण्याला चल. ओहोटी लागायच्या आत."

"बापा, दुःखाच्या घरात कढई नाही चढत."

"ठाण्याला दोन चुली आहेत. एक आपली, एक ठकूबायची. आणि ठकूबायच्या घरात कोणी मेलेलं नाही."

आंतोन दारातून म्हणाला, "जा गं. मला परवा घेऊन ये थोडे. इंजिनात खाईन."

परतीची होडी हलकी होती. मीठ उतरलेलं, ऊन चढलेलं, ओहोटीचं पाणी आम्हाला ओढून नेत होतं. मडकं माझ्या मांडीवर. मी म्हटलं, धक्का लागू नये. पण ऊन लागलं त्याला! मुंब्र्याचा डोंगर दिसायला लागला आणि मला मांडीवर काहीतरी हलल्यासारखं झालं. बघतो तर फडकं घुमटासारखं वर आलेलं.

गोमा सुकाणूवरून ओरडला, "इनास, तुझं पोट वाढतंय का मांडीवरचं?"

"फिलू! हे निघालं!"

फिलूने फडकं काढून मुठीने पीठ खाली दाबलं. "थांब गं बाय, ठाणं येऊ दे, मग फूग!" दाबलं की बसायचं, आणि ती हात पुसते न पुसते तोच पुन्हा वर. एक लोट माझ्या धोतरावर आला. दुसरा होडीत. पोरं टाळ्या पिटताहेत, खलाशी वल्ही सोडून बघताहेत. गोमाने आपला पाण्याचा तांब्या रिकामा करून पुढे केला. त्यात भरलं. तांब्याही फुगला.

"आता मी पानी कशातून पिऊ?" गोमा म्हणाला.

"पाणी कशाला पितोस नाताळला?" फिलू म्हणाली, आणि हसली. तुझ्यासारखी. आधी खांदे हसतात, मग तोंड. तुला मातीत ठेवल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. मी पीठ लागलेल्या हातांनीच डोळे पुसले, आणि ठाण्याच्या बंदरावर मी उतरलो तेव्हा माझ्या भुवया कणकेच्या होत्या.

ठकूबाय बंदरावरच उभी होती. सकाळपासून उभी असावी. मी मडकं वर धरून दाखवलं. ती वळली आणि अंगणाकडे धावत सुटली. आम्ही पोचलो तर तिने तीन दगड मांडून, आपली स्वतःची कढई चढवून, खाली जाळ घातलेला. तिच्या घरातली कढई, कोंसू. आपल्या ओट्यावर बसून खायची, पण फुगा कधी उंबऱ्याच्या आत नेला नाही, सासूच्या सोवळ्यामुळे. ती सासू त्यांच्या ओट्यावर बसूनच होती. मी ठकूबायला हळूच म्हटलं, "म्हातारी काय म्हणेल?"

म्हातारीचे कान माझ्यापेक्षा तिखट. "त्यात ताडी हाय का?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग इतकी वरसं मना का नाय दिलं?"

तळायच्या आधी फिलूने पिठाच्या मुठी काढून ठेवल्या. एक तिच्या मडक्यात, कल्याणला परत न्यायला. एक आपल्या नव्या मडक्यात, ज्यात माझं पीठ बसलं होतं. बसलेलं पीठ गाईला घातलं आणि मडकं न धुता त्यातच ही मूठ. ठकूबाय बघत होती. मग पदराशी खेळत म्हणाली, "फिले, मना पन एक दे. मी नाय टाकणार."

फिलूने तिच्या ओंजळीत मूठ ठेवली. कोंसू, तुझ्या हिशेबाने दोन घरं हवी होती.

मग तेल तापलं. फिलूने हात ओला करून पीठ उचललं, अंगठ्याजवळून पिळलं. गोळा पडला, बुडाला. सगळं अंगण वाकलं, पोरं, ठकूबाय, म्हातारी, मी. माझे तर सगळे संत आठवून झाले. खालून एक बुडबुडा आला. मग तो आला वर. फुगला, फुगला, आणि आपल्या आपण कुशीवर वळला. मागे शेपूट.

माझ्याने राहवलं नाही. "वळला!" असा ओरडलो की पाखाडीतून दोघं-चौघं बाहेर आले. म्हातारीने हात पुढे केला. फिलूने झारा मागे घेतला. "नाय आजी. शेपटीचा बापाचा."

मी तो कढत कढत तोंडात टाकला. जीभ भाजली. दर वर्षीसारखीच, त्याच जागी. आत पोकळ, मऊ, तुझा. तुझाच, कोंसू, तसूभर इकडे-तिकडे नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ठकूबायचा जीव टांगलेला.

"कसं झालं, भावजी?"

मला सांगायचं होतं. पण तोंडाला सवय एकाच गोष्टीची.

"मीठ कमी," मी म्हटलं.

आणि फिलू, कढईकडे बघत, झारा उगारून, मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "मिठागरवाल्याची जीभच खारट!"

ती कधी शिकली ते? तू तिला शिकवलं नाहीस. चुलीपाशी बसून नुसतं ऐकलं असणार, दर वर्षी.

अंगणात घुमट वाजायला लागला. पहाटे मी मिसाला गेलो तेव्हा धोतरावर पिठाचा डाग होता, आणि पाद्रीने बघून न बघितल्यासारखं केलं. पण नाताळ त्याच्याही आधी आला होता. फिलूने झारा उगारला ना, तेव्हाच.

आता एक राहिलं, आणि ते मास्तराने मोठ्याने वाचावं. एवढी वर्षं मी तुला जे म्हणत आलो ते सवयीने, तुझं तोंड ऐकायला मिळावं म्हणून. मीठ बरोबर होतं, कोंसू. दर वर्षी बरोबर होतं.